नागपुरात राहून स्प्रिंट रेससाठी गाडी कशी तयार करावी

स्प्रिंटमध्ये एका वेळी एकच गाडी सुटते. ठरलेला मार्ग, एक-दोन मिनिटांची धाव, आणि निकाल देणारं घड्याळ. शेजारी दुसरी गाडी नसल्यामुळे ठोकाठोकीची भीती कमी, आणि रोज ऑफिसला नेतो तीच गाडी घेऊन हौशी माणसाला उतरता येतं. मैदानावर शंकू मांडून हाच प्रकार होतो तेव्हा त्याला ऑटोक्रॉस म्हणतात. तयारी जवळपास तीच.

गाडीबद्दल फार हळवं होऊ नका. सेकंडहँड पोलो १.० टीएसआय, आय-२० एन लाइन, धडधाकट राहिलेली जुनी होंडा सिटी व्हीटेक किंवा नशिबाने हाती लागलेली पुंटो अबार्थ, यातलं काहीही चालेल. नागपूरकराच्या दोन अडचणी मात्र खास त्याच्याच आहेत. पहिली अंतराची: चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, सगळं हजार किलोमीटरच्या पलीकडे. तिथे गाडी बसली तर टोइंगचं बिल रेसच्या खर्चापेक्षा मोठं होतं. दुसरी अडचण उन्हाची. पुढचं जवळजवळ सगळं या दोन गोष्टींवरून ठरतं.

आणि हो, शिवमडक्याहून सुटणारा समृद्धी महामार्ग कितीही सरळ असला तरी तो ट्रॅक नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. सराव करायचा तर आयोजकांनी परवानगी घेतलेल्या जागेवरच.

आधी गाडी आहे तशी तपासा

पार्ट मागवायच्या आधी गाडी उचला. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका, घोड्या (जॅक स्टँड) लावा. चाक वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. खेळ जाणवला तर बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा टाय रॉड गेलाय. एक्सलचे रबरी बूट फाटलेत का, शॉकअपमधून तेल गळतंय का, इंजिनाचं फाउंडेशन (इंजिन ज्यावर टेकतं ते रबर) बसलंय का, लोअर आर्मचे रबरी बुश चिरलेत का, हे सगळं एका दमात पाहून घ्या. जीर्ण बुशवर महागडे टायर चढवले तर गाडी ब्रेक मारताना बाजूला ओढते आणि दोष टायरला जातो.

इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ठेवा, फक्त मुदतीची वाट बघू नका. रेसच्या आधी बदला आणि डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेजवळ ठेवा. लांब वळणात सम्पमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं, तेल एका बाजूला जातं. पातळी कमी असेल तर पंप क्षणभर हवा ओढतो, आणि बेअरिंगला तेवढा क्षण पुरतो. खुणेच्या वर मात्र भरू नका.

पहिला पैसा ब्रेकवर

वाडीकडचा एक मिस्त्री गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगतो, "भाऊ, आंधी थांबाचं पाहा, मंग पयाचं." गिऱ्हाइकाला रिमॅप, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून वाढवलेली ताकद, हवा असतो, त्यामुळे त्याला हे आवडत नाही. पण हिशेब मिस्त्रीच्या बाजूने आहे. गाडीतली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १०० वरून ५० वर येताना ब्रेकला जेवढी ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते, ती ५० वरून शून्यावर येण्याच्या तिप्पट असते. शहरात ब्रेक कधी दमले नाहीत, म्हणून ट्रॅकवरही दमणार नाहीत असं मुळीच नाही.

सुरुवात ब्रेक ऑइलपासून करा. हे तेल हवेतला ओलावा शोषतं. नव्या डॉट ४ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, आणि ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ वर येते. तेल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट तळाला जातं. आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट बघता पावसाळा संपला की ऑइल बदलून टाकणं शहाणपणाचं. नवं तेल सीलबंद डब्यातलंच घ्या. गॅरेजच्या फळीवर अर्धा उघडा पडलेला डबा नको. डॉट ५.१ चालतं, नव्या, ओलावा नसलेल्या तेलाची त्याची मर्यादा २६० आहे. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात कधीही मिसळू नका. नावातला फरक एका दशांशाचा आहे, म्हणून दुकानात लेबल दोनदा वाचा. भरल्यावर चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढून घ्या, आणि पेडल दगडासारखं कडक लागेपर्यंत काम संपलं असं समजू नका.

मग पॅड. रस्त्यावर चालतील असे, पण जास्त तापमान सोसणारे पॅड मिळतात. निव्वळ रेसिंगचे पॅड टाळा. ते थंड असताना नीट पकडत नाहीत, आणि तुम्हाला त्याच गाडीने सीताबर्डीच्या गर्दीतून घरी जायचंय. नवे पॅड डिस्कवर मुरवून घ्यावे लागतात: रहदारी नसलेल्या रस्त्यावर, मर्यादेतल्या वेगात, साठवरून वीसपर्यंत हळूहळू वाढत्या दाबाने पाच-दहा वेळा वेग उतरवा, पण पूर्ण थांबू नका. नंतर ब्रेक न लावता काही किलोमीटर चालवून डिस्क गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभे राहिलात तर पॅडचा थर एका जागी चिकटतो आणि पुढे प्रत्येक ब्रेकला स्टीअरिंग थरथरतं. खाचा पाडलेल्या फॅन्सी डिस्कची पहिल्या वर्षी गरज नाही.

टायर: घड्याळावरचा सगळ्यात मोठा फरक

एक-दीड मिनिटाच्या धावेत वेळ सगळ्यात जास्त कमी होतो तो टायरमुळे. गोटा झालेले किंवा सहा-सात वर्षांचे टायर असतील तर बाकी काही करण्यात अर्थ नाही, रबर कडक होऊन जातं. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. '२३२३' म्हणजे २०२३ चा तेविसावा आठवडा. दुकानदाराने "एकदम नवा" म्हटलं तरी हे वाचा. साइझ कंपनीने मान्य केलेलीच ठेवा. रुंद टायर फेंडरला घासतो आणि आरटीओलाही दिसतो.

हवेचा दाब हे फुकटातलं ट्यूनिंग आहे, आणि बहुतेक लोक ते वाया घालवतात. बंद टायरमधला दाब दर सहा अंशांना साधारण १ पीएसआयने बदलतो. डिसेंबरात नागपुरात सकाळी १२ अंश आणि दुपारी ३० असतात. पहाटे ३२ भरून निघालात तर गाडी जागेवरून न हलताही दुपारी ३५ दिसतील. शिवाय धावेत टायर तापतो तो वेगळाच. म्हणून स्वतःचा गेज बाळगा, प्रत्येक पंपाचा काटा वेगळं सांगतो. प्रत्येक धावेनंतर लगेच मोजा आणि लिहून ठेवा. टायरच्या खांद्यावर खडूने आडव्या रेघा मारा. खडू खांद्याच्या खाली भिंतीपर्यंत पुसला गेला तर दाब कमी आहे. खांद्यापर्यंत पोचलाच नाही तर जास्त आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं नाक वळणात बाहेर सरकत असेल, तर मागच्या टायरमध्ये एक-दोन पीएसआय वाढवून बघा; गाडी थोडी मोकळी वळते. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाचा परिणाम झाला ते कळत नाही.

अलाइनमेंटबद्दल थोडक्यात: दुकानात "कंपनी सेटिंग" न मागता पुढचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) गाडीत जेवढा मिळतो तेवढा निगेटिव्ह, म्हणजे चाकाचा माथा आत झुकलेला, मागा, दोन्ही बाजूंना सारखा. टो, म्हणजे वरून बघताना चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते, शून्य किंवा किंचित बाहेर. छोट्या हॅचबॅकमध्ये मागे सहसा दोन्ही चाकं जोडणारा अखंड बीम असतो, तिथे सेट करण्यासारखं काही नसतं. प्रिंटआउट जपून ठेवा.

नागपूरचं ऊन हाच खरा प्रतिस्पर्धी

दोन मिनिटांच्या धावेत इंजिन तापून बंद पडत नाही. स्प्रिंटमध्ये गाडी मार खाते ती रांगेत. धाव संपते, गाडी बोनेट लावून उन्हात उभी राहते, इंजिनाची धग इंटरकूलरमध्ये (टर्बोची हवा गार करणारी जाळी) आणि इंजिनाला हवा नेणाऱ्या इनटेकच्या पाइपांत मुरते. अर्ध्या तासाने पुढची धाव सुटते तेव्हा पहिल्या काही सेकंदांत इंजिन भट्टीतली हवा ओढतं. टर्बो गाडीत इंजिनाची ठोक पकडणारा नॉक सेन्सर ते ओळखतो, ईसीयू (इंजिनाचा संगणक) स्पार्क मागे घेतो, आणि पिकअप गेल्यासारखं वाटतं. ड्रायव्हर पेट्रोलपंपाला दोष देतो.

निव्वळ हवेचा हिशेबही बघा. ४४ अंशांची हवा १४ अंशांच्या हवेपेक्षा साधारण साडेनऊ टक्के विरळ असते. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी साध्या, बिनटर्बोच्या इंजिनाला जानेवारीच्या पहाटेपेक्षा तेवढा प्राणवायू कमी मिळतो. यावर कुठलाही महाग एअर फिल्टर उपाय नाही. उपाय साधे आहेत. धाव संपली की इंजिन लगेच बंद करू नका. मिनिटभर चालू ठेवा, टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल जळत नाही. मग बोनेट उघडा, गाडी सावलीत घ्या, सावली नसेल तर ताडपत्री बांधा. रांगेत इंजिन तासभर चालू ठेवू नका. पुढची धाव जवळ आली की बोनेट लावा.

घरी करायचं काम म्हणजे रेडिएटर. पुढच्या जाळीच्या मागे एसीचा कंडेन्सर, त्याच्या मागे रेडिएटर, आणि दोन्हींच्या मधल्या फटीत धूळ आणि पावसाळ्यानंतर हायवेवर चिकटलेले किडे. कंडेन्सरचे ब्रॅकेट सैल करून ही फट साफ करा. पाणी मागून पुढे सोडा आणि प्रेशर वॉशर जवळ धरू नका, पत्र्याच्या पात्या वाकतात. कूलंट कंपनीच्या प्रमाणात, डिस्टिल्ड पाण्याबरोबर. नळाचं पाणी टाकलं की आत क्षार बसतात. रेडिएटरचं झाकणही बदला. दाब धरेनासं झालं की कूलंट लवकर उकळतं, आणि झाकण हा सगळ्यात स्वस्त पार्ट आहे.

वजन काट्यावर घाला

स्टेपनी, जॅक, डिकीतला पसारा, मॅट काढा. हे करायला पैसे लागत नाहीत. किती फरक पडला ते बघायचं तर कळमन्यासारख्या बाजाराकडच्या वजनकाट्यावर जा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर चढवून आकडा घ्या, मग पूर्ण गाडी. पुढे आणि मागे वजन कसं वाटलंय ते कळतं. मोठ्या ट्रकचा काटा दोन-चार किलो दाखवणार नाही, पण पुढे-मागेचा अंदाज घ्यायला पुरेसा आहे. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं, म्हणून टाकी अर्ध्याहून थोडी कमी ठेवा. पाव टाकीखाली जाऊ नका. लांब वळणात पंप उघडा पडू शकतो. स्टेपनी ट्रॅकवर काढायची, प्रवासात नाही.

ताकद सगळ्यात शेवटी

रिमॅपला माझा विरोध नाही, घाईला आहे. ब्रेक, टायर, थंडावा जमल्यावर वाढलेली ताकद वापरता येते. त्याआधी ती फक्त पुढची चाकं जागेवर फिरवते. टॉर्क वाढवायच्या आधी क्लच आणि गिअरबॉक्स किती सोसतो ते विचारा. पोलो जीटीमधल्या सात-गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजी (ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे, तिच्या काठावर राहणं परवडत नाही. रिमॅप हिवाळ्यात केला असेल तर करणाऱ्याला स्पष्ट सांगा की गाडी ४५ अंशांतही चालणार आहे.

कायद्याची बाजूही इथेच येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेली मूळ रचना बदलता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितलं. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, त्याच साइझचे चांगले टायर यात अडचण नाही. कानठळ्या बसवणारा सायलेन्सर, कापलेल्या स्प्रिंगा, काढून टाकलेली मागची सीट अशी गाडी रस्त्यावर आणू नका. ती करायचीच असेल तर ट्रेलरवर नेण्याची तयारी ठेवा. कापलेली स्प्रिंग तशीही वाईटच, शॉकअप तिच्या लांबीसाठी बनलेला नसतो.

कागद, हेल्मेट, तपासणी

एफएमएससीआय, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टची नियामक संघटना, हिच्या मान्यतेच्या स्पर्धांना त्यांचं परवानापत्र लागतं. फॉर्म भरताना नियमपुस्तिका पूर्ण वाचा, त्यात तुमच्या वर्गात काय बदलता येतं ते लिहिलेलं असतं. नेहमीच्या कार विम्यात शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च तुमचा. बाइकचं आयएसआय हेल्मेट घरात असतं, पण कारसाठी स्नेल एसए दर्जाचं (कार रेसिंगच्या हेल्मेटचं मानक) बघा, त्याचं अस्तर आगीला दाद देत नाही. तपासणीत बॅटरी घट्ट बांधलेली, टो हुक जागेवर, ब्रेक लाइट चालू, तेलाचा थेंब नाही आणि आत एकही सुटी वस्तू नाही, एवढं बहुतेक ठिकाणी बघतातच. सीटखाली घरंगळणारी पाण्याची बाटली ब्रेक पेडलखाली अडकते. ती आदल्या रात्रीच काढा.

धावेच्या दिवशी

चाकांचे नट टॉर्क पान्याने कसा, आकडा मॅन्युअलमध्ये असतो. पहिल्या धावेनंतर चाक गार झालं की पुन्हा तपासा. धाव संपवून आलात की हँडब्रेक ओढू नका. तापलेल्या मागच्या ब्रेकवर तो चिकटू शकतो. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला वीट किंवा लाकडी ठोकळा लावा. पहिली धाव ऐंशी टक्क्यांवर घ्या, मार्ग डोक्यात बसू द्या.

आणि परत हजार किलोमीटर गाडी चालवतच आणायची आहे. निघण्यापूर्वी डिस्कवर बोटभर लांब चिरा पडल्यात का, टायरच्या आतल्या भिंतीला फुगवटा आलाय का, ऑइलची पातळी किती उतरली हे बघा. ब्रेक पेडल सकाळपेक्षा मऊ लागत असेल तर निघण्याआधी ब्रेक ऑइल बदला आणि हवा काढा, नागपूरला पोचल्यावर नव्हे. टायरचा दाब रोजच्या आकड्यावर आणा, तोही टायर पूर्ण गार झाल्यावर, आणि स्टेपनी परत डिकीत टाका.