जुन्या स्कूटरचा कार्बोरेटर गळतोय? या चुका टाळा

साताऱ्यात जुनी स्कूटर म्हणजे घरातलं माणूस. महाराष्ट्र स्कूटर्स १९७५ साली स्थापन झाली, कारखाना इथल्याच एमआयडीसीत, आणि प्रिया तिथे बनायची. त्यामुळे पेठेतल्या एखाद्या पडवीत पोतं पांघरलेली प्रिया नाहीतर चेतक अजून सापडते. आजोबांची गाडी नातू बाहेर काढतो, याचा मला मनापासून आनंद होतो. पण ती माझ्या गॅरेजात येते तेव्हा बहुतेक वेळा घरीच तिच्यावर चार दिवस प्रयोग झालेले असतात. "दादा, पेट्रोल गळतंय" एवढीच तक्रार असते, आणि मूळ बिघाडापेक्षा प्रयोगांनी झालेलं नुकसान मोठं असतं. तेच तेच बघून आता लिहायलाच बसलो.

गळतंय कुठून, ते न बघताच खोलायला घेणे

सीटखालची टाकी वर, हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर खाली. पेट्रोल आपल्या वजनानेच उतरतं. आत फ्लोट असतो, त्याचं काम घरच्या पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखं. पेट्रोल भरलं की फ्लोट वर येतो, नीडल, म्हणजे टोकदार खिळी, वर ढकलतो आणि पेट्रोल येतं ते भोक बंद होतं. नीडल नीट बसली नाही की पेट्रोल येतच राहतं. गॅरेजात आम्ही म्हणतो, "ओव्हर होतंय."

पण गळती दर वेळी तिथलीच नसते. पाईप चिरलेला असतो, कॉक (टाकीचं पेट्रोल चालू-बंद करायची तोटी) पाझरत असतो, पाईप जोडतो त्या बोल्टचा वॉशर गेलेला असतो. म्हणून कॉक बंद करा, सगळं कोरड्या फडक्याने पुसा, मग कॉक उघडा आणि दोन मिनिटं मोबाईलची बॅटरी धरून नुसतं बघत बसा. पहिला थेंब कुठे धरतो, तिथे बिघाड. मी इतक्या वर्षांनीही हे केल्याशिवाय पान्याला हात लावत नाही. नवीन पोरांना मात्र ही दोन मिनिटं जड जातात.

पाईप वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या तर बदलून टाका. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात टिकत नाही.

गळतंय म्हणून आवळत सुटणे

याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. कार्बोरेटर म्हणजे नळ नव्हे. मऊ धातूचं ओतीव काम आहे ते, जोर केला की वाकतं.

शाहूपुरीतला कॉलेजचा एक मुलगा आजोबांची प्रिया घेऊन आला होता. फ्लोटच्या झाकणाखालून पेट्रोल पाझरायचं. त्याने झाकणाचे स्क्रू आवळले. थांबलं नाही, म्हणून अजून आवळले, आटे गेले. मग दुकानातून सिलिकॉनची ट्यूब आणून कडेने फासली. तरीही ओल येतच होती, म्हणून कार्बोरेटर इंजिनावर धरून ठेवणारे खालचे दोन लांब बोल्ट लांब दांड्याच्या पान्याने पिळले. बॉडी वाकली आणि रेस दिली की सरकते ती आतली स्लाईड अडकायला लागली. पोवई नाक्याच्या गर्दीत त्याने रेस सोडली, तरी इंजिन ओरडतच राहिलं. क्लच दाबून त्याने कशीबशी गाडी बंद केली. पुढे एक म्हातारी रस्ता ओलांडत होती, हे सांगताना त्याचा आवाज बदलला.

मी खोललं. बॉडी काचेवर ठेवली तर पाय आखूड असलेल्या पाटासारखी डुगडुगत होती. पेट्रोलमध्ये सिलिकॉन भिजवलेल्या हरभऱ्यासारखं फुगलं होतं आणि एक तुकडा सुटून आत तरंगत होता. हे सगळं ज्यापायी घडलं, ते नीडलच्या टोकाशी चिकटलेलं दिसलं: टाकीतल्या गंजाचा कण, मोहरीएवढा. तो काढला, नीडल बसली, पेट्रोल थांबलं. पण बॉडी कामातून गेली होती. नवीन कार्बोरेटर घ्यावा लागला.

झाकणातून पेट्रोल पाझरतं ते बहुधा स्क्रू सैल असल्याने नाही, तर आत पेट्रोल पातळीच्या वर चढतं म्हणून. आवळून पातळी खाली येत नाही. इंजिन थंड असताना काम करा. स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे फिरवा. मी आखूड पाना वापरतो आणि शेवटचा पीळ दोन बोटांनी देतो. पॅकिंग नवीन टाका. सिलिकॉन पेट्रोलच्या जागी लावायचंच नाही, तुमच्या ओळखीच्या मिस्त्रीने सांगितलं तरी.

नीडल तपासायची माझी पद्धत अशी: झाकण काढून उलटं धरायचं, म्हणजे फ्लोटच्या वजनाने नीडल बंद होते. पेट्रोल येतं त्या तोंडाला पाईपचा स्वच्छ तुकडा लावून हळू फुंकायचं. हवा गेली तर नीडल बसत नाही. मग ती काढून उजेडात टोक बघा. रबरी टोकावर बांगडीसारखी गोल खाच उमटलेली असेल आणि नखाला लागत असेल, तर नवीन घाला. पॉलिश पेपरने घासून ती कधीच सुधारत नाही. खाच नसेल तर बहुतेक कचराच असतो. तोंडाजवळची जाळी धुवा, टाकीही धुवा, नाहीतर आठवड्यात तोच कण परत येईल.

कॉक उघडा ठेवून झोपणे

या स्कूटरना कार्बोरेटर थेट क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीवर, बसतो. नीडल गळकी आणि कॉक उघडा असला की रात्रभर पेट्रोल इंजिनात उतरतं. सकाळी किक दगडासारखी जड होते. ती जोर लावून मारू नका.

गोडोलीतल्या एका काकांच्या गाडीचं असंच झालं. पावसाळ्यात आठवडाभर उभी, कॉक उघडा. किक बसेना, म्हणून त्यांनी प्लग काढला. इथपर्यंत बरोबर होतं. मग "स्पार्क येतोय का बघू" म्हणून प्लग कॅपमध्येच ठेवून इंजिनाला टेकवला आणि पुतण्याला किक मारायला सांगितलं. प्लगच्या भोकातून पेट्रोलची चिळकांडी उडाली, ठिणगीवर पडली आणि भडका उडाला. दारात ओलं गोणपाट होतं म्हणून निभावलं. काकांच्या हाताला फोड आले, भुवया गेल्या. संध्याकाळी मी गेलो तेव्हा भिंत काळी पडलेली होती आणि काकू बोलत नव्हत्या.

पेट्रोल भरलंय असं वाटलं तर आधी कॉक बंद. प्लग काढा, कॅप लांब धरून बांधा, रेस पूर्ण उघडा आणि हळूहळू किक मारून पेट्रोल बाहेर येऊ द्या. तेही अंगणात, उंबऱ्याच्या आत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरत जाते. आत देवघरात समई चालू असेल तर तिथपर्यंत पोचते. नंतर गिअर ऑईलचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑईल बदला आणि क्रँकचं ऑईल सील बघून घ्या.

गाडी लावली की मी चावी काढायच्या आधी कॉक बंद करतो. हात आपोआप जातो. तुमचाही जाऊ द्या.

बाकीच्या चुका थोडक्यात. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सुटतं त्या बारीक भोकात, तार किंवा सुई घालू नका, भोक मोठं होतं आणि गाडी पेट्रोल पिते. हवा मारा, नाहीतर पेट्रोलमध्ये भिजवून ठेवा. फ्लोट कानाजवळ हलवून बघा, आत खळखळलं तर बदला. स्वस्त किटमधलं पॅकिंग जुन्यावर ठेवून भोकं जुळवा, मगच बसवा. आणि गाडी सुरू होत नाही म्हणून आडवी करायची सवय: आपल्या सगळ्यांच्या वडिलांनी चेतक अशीच आडवी केली, पण गळका कार्बोरेटर आडवा केला तर पेट्रोल आणखी आत जातं.

काम झाल्यावर लगेच घाटात नेऊ नका. कॉक उघडून खाली पुठ्ठा ठेवा आणि अर्धा तास जवळच बसा. पुठ्ठा कोरडा राहिला, की कॉक बंद करून रात्रभर तसाच ठेवा. सकाळीही कोरडा असेल, तर खुशाल यवतेश्वर चढा.