मालगाड्या वाढल्या, तर रुळांकाठच्या गावाने काय करावे

प्रवासी गाडीची वेळ गावाला तोंडपाठ असते. मालगाडीला मात्र गावकऱ्यांना कळेल असे वेळापत्रक नसते. 8 मे 2020 च्या पहाटे बदनापूर आणि करमाडदरम्यान रुळांवर झोपलेल्या 16 मजुरांना मालगाडीने चिरडले. टाळेबंदीत नेहमीच्या प्रवासी गाड्या बंद होत्या, मालवाहतूक मात्र सुरूच होती. भरलेल्या मालगाडीची लांबी 600 मीटरपेक्षाही अधिक असू शकते आणि समोर माणूस दिसला तरी तिला जागच्या जागी थांबवता येत नाही. छत्रपती संभाजीनगर ते परभणी या सुमारे 177 किलोमीटरच्या मार्गाच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै 2025 मध्ये मंजुरी दिलेली आहे. दुसरा रूळमार्ग झाला की मालगाड्या वाढू शकतात, म्हणून या पट्ट्यातील गावांनी काम सुरू होण्याची वाट न पाहता आताच संघटित व्हावे.

सुरुवात नोंदवहीने करावी. प्रत्येक फाटकाला क्रमांक असतो. तो आणि जवळच्या किलोमीटर दगडावरील आकडा पहिल्या पानावर लिहावा. मग सलग सात दिवस, रात्रीसह, पाळीपाळीने दोघादोघांनी बसून फाटक कधी बंद झाले, कधी उघडले, किती गाड्या गेल्या, किती ट्रॅक्टर, बैलगाड्या, दुचाकी आणि शाळकरी मुले अडकली, हे लिहावे. रुग्णवाहिका अडकल्यास तिची वेळ स्वतंत्र नोंदवावी. रेल्वेही गाड्यांच्या संख्येला रस्त्यावरील वाहनांच्या एककांनी गुणूनच फाटकावरील वर्दळ मोजते, म्हणून हा हिशेब अधिकाऱ्यांना समजावून सांगावा लागत नाही. मोजणीचा एक आठवडा गळीत हंगामात अवश्य घ्यावा. उसाच्या ट्रॉल्यांशिवायची मोजणी आपल्या भागातील खरी वर्दळ दाखवत नाही. मोजणी रस्त्याच्या कडेने करावी, रुळांवर जाऊन नव्हे, कारण रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 147 नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हाच गुन्हा आहे.

त्यानंतर ग्रामसभा. ठरावात ‘रेल्वेने सुरक्षेची व्यवस्था करावी’ असे मोघम वाक्य घालू नये. कोणत्या फाटकावर उड्डाणपूल हवा, कोणत्या पाणंदीवर पादचारी पूल आणि वस्तीलगत कुठून कुठपर्यंत कुंपण, हे जागेनिशी लिहावे. शेजारच्या गावांनी त्याच दिवशी तसाच ठराव घेतला, तर एकट्या गावाची तक्रार म्हणून तो बाजूला ठेवणे कठीण जाते.

भुयारी मार्गाबाबत मी अधिक सावध राहण्यास सांगेन. फाटकाच्या जागी भुयारी मार्ग झाला की फाटक बंद होते, आणि काळ्या मातीच्या शिवारात पावसाळ्यात त्याच भुयारात पाणी साचले, तर शेत, शाळा आणि दवाखाना यांचा रस्ता एकदमच तुटतो. म्हणून निचऱ्याचा नाला कुठे सोडणार, पंप कोण चालवणार आणि कडब्याने भरलेली गाडी जाईल इतकी उंची आहे का, हे प्रश्न आराखडा मंजूर होण्यापूर्वीच लेखी विचारावेत. जवळच्या एखाद्या भुयारी मार्गात पाणी साचलेले असेल, तर तारखेसह त्याचे छायाचित्र अर्जाला जोडावे.

विद्युतीकरण झालेल्या मार्गावर तारांमध्ये 25,000 व्होल्टचा दाब असतो. उंच भरलेल्या गाडीवर बसून फाटक ओलांडू नये, हे ऊसतोड टोळ्यांना मुकादमांमार्फत हंगामाच्या पहिल्याच दिवशी सांगावे.

अर्ज विभागीय रेल्वे व्यवस्थापकांकडे जातो: जालना, परभणी, नांदेडकडील गावांचा नांदेडला, लातूर आणि धाराशिवचा सोलापूरला, उदगीरचा सिकंदराबादला. प्रत जिल्हाधिकारी आणि खासदारांना द्यावी आणि पोच घ्यावी. उत्तर न आल्यास माहिती अधिकार अधिनियम 2005 खाली फाटकाच्या वर्दळीची रेल्वेची शेवटची मोजणी मागावी. शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस. नवा मार्ग प्रवासी वाहतुकीसाठी सुरू होण्यापूर्वी रेल्वे सुरक्षा आयुक्त पाहणी करतात. हे कार्यालय रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे, म्हणून आपला ठराव आणि नोंदवहीची प्रत त्यांच्याकडेही पाठवावी.

रेल रोकोचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे, तरी तो टाळावा. रेल्वे अधिनियमाच्या कलम 174 खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि एकदा तरुणांवर गुन्हे नोंदले गेले की पुढची बैठक फाटकाबद्दल न होता जामिनाबद्दल होते. त्याऐवजी मोजणी दर हंगामात पुन्हा करावी आणि प्रत्येक नव्या अर्जासोबत मागील अर्जाची पोच जोडावी.