सशासाठी कॉली-ग्रेहाउंड लर्चर घेताय? या चुका टाळा

माझं बालपण मराठवाड्यात गेलं. तिथे कारवानी कुत्रा बघायला आलेला माणूस आधी त्याचे पाय बघतो, मग छाती. इंग्लंडच्या उत्तरेत राहायला आलो आणि सशांच्या शिकारीसाठी लर्चर, म्हणजे वेगवान ग्रेहाउंड आणि मेंढ्या वळणारी कॉली अशांच्या संकराचा कुत्रा, घ्यायची वेळ आली, तेव्हा मीही तेच केलं. सर्वात उंच, सर्वात लांब पायांचं पिल्लू उचललं. तीन हिस्से ग्रेहाउंड, एक हिस्सा कॉली. कुत्रा देखणा निघाला, पण आमच्या रानाला तो चुकीचा होता.

इथली शेतं लहान आहेत. कोकणातल्या गडग्यासारख्या, नुसते दगड रचून केलेल्या भिंती चहूकडे. ससा बिळापासून फार लांब चरायला जात नाही. चाहूल लागली की थोडक्या पावलांत झुडपात शिरतो. माझा कुत्रा पुऱ्या वेगात येईपर्यंत ससा गेलेला असायचा आणि समोर भिंत असायची. खांदा दोनदा दुखावला त्याचा. सशाच्या मागे लागणारा पल्ला इतका आखूड असतो, की तिथे वेगापेक्षा झटकन वळणं आणि वेळेत थांबणं जास्त कामाला येतं. नर ग्रेहाउंड २८-३० इंचांपर्यंत जातो. सशासाठी खांद्यापाशी २२ ते २४ इंचांचा, निम्मा कॉली निम्मा ग्रेहाउंड असा कुत्रा मला सगळ्यात योग्य वाटतो. मोकळं, सपाट रान असेल तर ग्रेहाउंडचा हिस्सा थोडा वाढला तरी चालेल. आधी आपलं रान बघा, मग कुत्रा.

दुसरी चूक पिल्लू बघून आई-बाप न बघण्याची. या संकरात कॉली घालतात ती डोक्यासाठी आणि पायाच्या टणक गाद्यांसाठी. म्हणून कॉली खरोखर मेंढ्यांवर काम करणारी आहे का, हे विचारा. नुसती दिवाणखान्यात वाढलेली असेल तर तुम्ही नक्की कशासाठी पैसे देताय ते कळत नाही. लर्चर-लर्चरच्या जोडीतून आलेली पिल्लं तर एका वेतात चार तऱ्हांची निघू शकतात. आई आणि बाप दोघेही मर्ल, म्हणजे करड्यावर काळे डाग असलेल्या रंगाचे असतील, तर ते पिल्लू घेऊच नका. दोन्हीकडून तो गुण आलेली पिल्लं बहिरी किंवा आंधळी निघण्याचा मोठा धोका असतो. आईजवळ बसलेलं पिल्लू दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्या दारातून परत फिरा.

आता एक चूक खास आपल्या भाषेमुळे होणारी. मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो: बिळात राहणारा रॅबिट आणि उघड्यावर गवतात बसणारा हेअर. इंग्लंड-वेल्समध्ये कायदा त्यांना वेगळं मानतो. २००४ च्या हंटिंग ॲक्टनुसार कुत्रा सोडून हेअर मारणं गुन्हा आहे; रॅबिटला सूट आहे, तीही जमीन तुमची असेल किंवा मालकाची परवानगी असेल तरच. परवानगी लेखी घ्या आणि खिशात ठेवा. लांब, टोकाला काळे कान आणि उंच मागचे पाय दिसले की कुत्र्याला पट्ट्यातच धरा. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे आणि २०२३ पासून आणखी कडक झाला आहे. गावाकडे कारवानी असलेल्यांनी हेही लक्षात घ्यावं, की आपल्याकडचा ससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. त्याची शिकार करता येत नाही.

सगळ्यात जास्त कुत्रे बिघडतात ते घाईने. सहा महिन्यांचं पिल्लू उंचीने मोठं दिसतं, म्हणून लोक त्याला रात्री बॅटरीच्या उजेडात सशामागे सोडतात. हाडं अजून भरलेली नसतात, आणि डोकंही. वर्ष पूर्ण होऊ द्या. तोवर बोलावल्यावर येणं, उडी मारणं, वस्तू आणून हातात देणं आणि मेंढ्यांमधून मान न वळवता चालणं शिकवा. मेंढ्यांचा मुद्दा हलका घेऊ नका: कॉलीचं रक्त आहे, ती दबा धरून टक लावणारच. मेंढ्यांना त्रास देणाऱ्या कुत्र्यावर शेतकऱ्याने गोळी झाडली, तर काही परिस्थितीत कायदा शेतकऱ्याच्या बाजूने उभा राहतो.

धावताना भुंकायला लागला तर समजा, त्याला झेपत नसलेले ससे दाखवले गेलेत, किंवा तो भुंकणाऱ्या कुत्र्याबरोबर धावलाय. काही आठवडे सशामागे सोडणं पूर्ण बंद करा, मग वाऱ्याच्या रात्री, जवळ बसलेला एखादा सोपा ससा, बस. ही सवय मुरली की बहुधा सुटत नाही, म्हणून पहिल्या भुंकण्यालाच थांबा.

ससा पकडून तुमच्याभोवती घिरट्या घालतो, हातात देत नाही? मग चूक आपल्या हाताची आहे. आपण झडप घालून हिसकावतो. गुडघ्यावर बसा, तोंड थोडं बाजूला वळवा, त्याला अंगाला टेकू द्या, आधी छातीवरून हात फिरवा आणि मग सशाखाली तळवा धरा. कॉलीचं मन हळवं असतं; एक जोराचा ओरडा ती महिनाभर विसरत नाही. नवख्या कुत्र्याबरोबर दुसरा कुत्रा सोडूही नका, ओढाताण सुरू होते.

आणि दुसऱ्या वर्षी तो सशामागे न धावता सरळ बिळाच्या वाटेवर जाऊन उभा राहिला, तर रागावू नका. काही जण याला कामचुकारपणा म्हणतात. मला तर त्या क्षणी कॉलीला दिलेला प्रत्येक पैसा वसूल झाल्यासारखा वाटतो.

औषधाबाबत मात्र हयगय नको. कॉलीच्या वंशात एक जनुकीय दोष असतो, ज्यामुळे आयव्हरमेक्टिनसारखं जंतांचं औषध जास्त मात्रेत थेट मेंदूवर जातं. रफ आणि स्मूथ कॉलीत तो फार आढळतो, बॉर्डर कॉलीत बराच कमी. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर तपासणी होते. एकदा करून घ्या. औषध दिलेल्या घोड्याची ताजी लीद खाऊनही कुत्रे आजारी पडतात, त्यामुळे तबेल्याजवळून पट्ट्यानेच न्या. भूल द्यायची असेल तर यात ग्रेहाउंड आहे हे डॉक्टरांना आधी सांगा, अंगावर चरबी कमी असल्याने काही औषधांचा अंमल उतरायला वेळ लागतो.

घरी आल्यावर मी आधी त्याचे पंजे कोमट पाण्यात धुतो, बोटांच्या बेचक्यांत काटा शोधतो आणि पोटाखालून उलटा हात फिरवतो. काटेरी तारेने कातडी फाटलेली असली तरी तो कण्हत नाही, केसांत दिसत नाही, फक्त बोटाला ओलं लागतं.