मुलांची पोटगी: आधी खर्च, मग पगार

"मॅडम, पोरीला किती मिळतील?" नाशिकच्या सातपूरला लोकांची आयकर रिटर्न्स भरता भरता हा प्रश्न हमखास येतो. आपल्याकडे ठरलेलं कोष्टक नाही. पगाराच्या 25 टक्क्यांवर लोक अडून बसतात. पण तो आकडा सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालात पत्नीच्या पोटगीबाबत होता.

मी आधी मुलाचा खर्च मांडायला लावते. फी, व्हॅन, क्लास, औषधं, किराणा आणि घरभाड्यातला वाटा. गणवेश, वह्या-पुस्तकं असा वर्षातून एकदा येणारा खर्च बाराने भागा. नेमका तोच राहून जातो.

मग दोघांचं हातात पडणारं उत्पन्न. समजा महिन्याला मुलाचा खर्च 12,000, वडिलांचे 40,000, आईचे 20,000. तर वडिलांचा वाटा दोन तृतीयांश, 8,000. हा आपला अंदाज, कोर्टावर बंधन नाही. शिक्षणाचा खर्च तर बहुधा वडिलांकडेच जातो.

अंबडच्या कामगाराची पगारस्लिप तरी असते. ओव्हरटाइम दिसेल अशा सहा महिन्यांच्या घ्या. निफाडच्या द्राक्षबागायतदाराचं मात्र अवघड. सातबारा, व्यापाऱ्याच्या पावत्या, सोसायटीचं कर्ज, बँकेचं स्टेटमेंट, सगळं बघावं लागतं. अवकाळीत बाग गेलेलं वर्ष आणि भाव लागलेलं वर्ष, दोन्ही धरून सरासरी काढा. (एकच वर्ष दाखवायचा मोह दोन्ही बाजूंना होतो.)

सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. तेव्हा कागद जमवत बसून अर्ज लांबवू नका.