फ्रूट सॅलडला पाणी सुटू नये म्हणून

फ्रूट सॅलड म्हटलं की आपल्याकडे दोन वेगळे पदार्थ डोळ्यांसमोर येतात. एक लग्नाच्या जेवणात पुरीबरोबर वाढतात ते, कस्टर्डच्या दुधातलं. दुसरं नुसत्या ताज्या फळांचं, वरून लिंबू, मीठ आणि जिरेपूड घातलेलं. इथे मुख्यतः दुसऱ्याची कृती आहे. दुधातल्या सॅलडबद्दल शेवटी, कारण त्यात चालणारी फळं वेगळी असतात.

ताज्या फळांच्या सॅलडची सगळ्यात मोठी तक्रार एकच. वाढेपर्यंत तळाशी वाटीभर पाणी जमतं, केळी गळून जातात, सफरचंद काळं पडतं आणि सगळ्या फळांना एकच मिळमिळीत चव येते. बहुतेक वेळा दोष फळांचा नसतो. सगळी फळं एकदम चिरून, त्यावर मीठ-साखर घालून तासभर ठेवलेली असतात. फळ चिरलं की पेशी फाटतात आणि रस मोकळा होतो. मीठ किंवा साखर तोच रस आणखी जोरात बाहेर ओढते. म्हणून कुठलं फळ आधी चिरायचं, कुठलं अगदी शेवटी आणि मीठ कधी घालायचं, हा क्रम सांभाळला की अर्धं काम झालं.

फळं निवडताना

पिकण्याच्या बाबतीत फळांचे दोन गट आहेत आणि ते माहीत असले की बाजारात फसगत होत नाही. केळी, पपई, आंबा, चिकू, पेरू, सीताफळ ही तोडल्यावरही पिकतात. थोडी कडक असली तरी घरी दोन दिवस ठेवून चालतं. द्राक्षं, संत्री, अननस, स्ट्रॉबेरी, डाळिंब तोडल्यावर गोड होत नाहीत. आंबट द्राक्ष आठवडाभर ठेवलं तरी आंबटच राहतं, फक्त सुकतं. त्यामुळे या गटातलं फळ शक्य असेल तिथे चाखूनच घ्यावं. अननस चाखता येत नाही, पण बुडाशी नाक नेलं की पिकलेल्याचा गोड वास येतो. वासच नसेल तर तो सोडून द्या, आणि आंबूस वास असेल तर तो जास्त पिकलाय.

सॅलडसाठी केळं पिवळंधमक पण डाग न पडलेलं हवं. तपकिरी ठिपके आलेलं केळं शिकरणाला उत्तम, सॅलडमध्ये मात्र दहा मिनिटांत लगदा होतं. पपई दाबल्यावर किंचित दबेल इतपतच पिकलेली घ्या. डाळिंब अगदी गोलगरगरीत असण्यापेक्षा थोडं पैलूदार आणि हाताला जड असलेलं घ्यावं, आत दाणे भरलेले असतात.

फेब्रुवारी हा या सॅलडचा खरा महिना. नाशिककडची द्राक्षं, नागपूरची मृग बहाराची संत्री, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, सगळं एकाच वेळी मिळतं. खालचं प्रमाण त्याच हंगामातलं आहे, सहा जणांना पुरेल असं. वजनं सोलून-चिरून झाल्यानंतरची आहेत.

पपई 250 ग्रॅम
अननस 200 ग्रॅम
केळी 2, साधारण 180 ग्रॅम
संत्री 2, सोललेल्या फोडी साधारण 170 ग्रॅम
सफरचंद 1, साधारण 150 ग्रॅम
बिनबियांची द्राक्षं 150 ग्रॅम
डाळिंब 1, दाणे साधारण 130 ग्रॅम
लिंबाचा रस 2 छोटे चमचे
आल्याचा रस अर्धा छोटा चमचा
भाजलेल्या जिऱ्याची पूड पाव छोटा चमचा
काळं मीठ पाव छोटा चमचा, साधं मीठ चिमूटभर
ताजी कुटलेली मिरी दोन चिमटी
पुदिन्याची आठ-दहा पानं

स्ट्रॉबेरी मिळाल्या तर सात-आठ घ्या आणि सफरचंद वगळा. साखर नको. फळं फारच आंबट निघाली तर दोन छोटे चमचे मध पुरे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात द्यायचा नाही.

धुणं आणि पुसणं

फळं अख्खी असतानाच वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. ज्यांची साल टाकायची आहे तीही, कारण सुरी सालीवरची घाण गरात नेते. द्राक्षं घडावरून सुटी करून दहा मिनिटं पाण्यात ठेवा आणि दोन पाण्यांनी धुवा. त्यांच्यावरचा पांढुरका थर हे फळाचं स्वतःचं मेण असतं, तो सगळा गेलाच पाहिजे असं नाही. स्ट्रॉबेरी देठासकट धुवा आणि देठ नंतर काढा. आधी काढला तर त्या जागेतून पाणी आत शिरतं. धुतलेलं प्रत्येक फळ पंचाने कोरडं करा. पाण्याविरुद्धची लढाई इथूनच सुरू होते.

चिरण्याचा क्रम

सुरुवात डाळिंबापासून, कारण दाणे अख्खे राहतात आणि चार-पाच तास आधी काढून ठेवले तरी बिघडत नाहीत. तुऱ्याभोवती सुरीचं टोक अर्धा सेंटिमीटर आत घालून गोल फिरवा आणि तो भाग झाकणासारखा उचला. आत मधून कडेकडे जाणारे पाच-सहा पांढरे पडदे दिसतील. प्रत्येक पडद्याच्या रेषेवर बाहेरून सालीला वरून खाली चीर द्या. चीर सालीपुरतीच, दाण्यांना सुरी लागता कामा नये. मग दोन्ही अंगठे मध्ये घालून हलक्या हाताने फाकवा. फळ पडद्यांवरच सुटं होतं आणि एकही दाणा फुटत नाही. फोडी पाण्याच्या पातेल्यात बुडवून दाणे सोडवा. दाणे तळाशी जातात, पांढरे पापुद्रे वर तरंगतात, ते काढून टाका. दाणे चाळणीत निथळून पंचावर पसरा. आडवं कापलेल्या डाळिंबाचे फुटके दाणे केळी-अननसाला गुलाबी करतात, त्यामुळे एवढा खटाटोप करावा.

द्राक्षं उभी अर्धी चिरा. अख्खं द्राक्ष चमच्यावरून घरंगळतं आणि त्याच्या गुळगुळीत सालीला मसालाही लागत नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी उभे चार तुकडे करा, गोल द्राक्ष घशात अडकू शकतं.

नंतर संत्री. फोडी वेगळ्या करून प्रत्येक फोडीची आतली, बियांकडची कड कात्रीने कापा, बिया काढा आणि पातळ साल दोन्ही बाजूंनी सोलून काढा. हे काम एका वाडग्यावर धरून करायचं, म्हणजे गळणारा रस त्यात जमतो. फोडीवरची पांढरी साल आणि शिरा कडवट असतात, शिवाय त्या सालीमुळे बाकीच्या मऊ फळांमध्ये चघळायला चिवट काहीतरी येतं. फोडी सोलून झाल्या की उरलेल्या सालीही त्याच वाडग्यात पिळा. चार मोठे चमचे तरी रस निघतो. कमी पडला तर आणखी अर्धं संत्रं पिळा. नागपुरी संत्र्याचा रस ठेवला की हळूहळू कडू होऊ लागतो, म्हणून हे त्याच दिवशी करायचं, आदल्या रात्री नाही.

अननसाचे डोळे नीट काढा आणि मधला कडक दांडा टाका. अननस आणि पपई, दोन्हींचे दोन सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करा. एका चमच्यात दोन-तीन वेगळी फळं यावीत एवढा हा आकार आहे. बारीक चिराल तितका कापलेला पृष्ठभाग वाढतो आणि तितकं पाणी जास्त सुटतं. हे तुकडे थेट सॅलडच्या भांड्यात न टाकता चाळणीत ठेवा, खाली वाटी, आणि फ्रीजमध्ये ठेवून द्या. तासाभरात अननसाचा बराच रस निथळतो. हे तासभर आधी करून ठेवता येतं.

सफरचंद वाढण्याच्या अर्धा तास आधी. ते काळं पडतं कारण चिरल्यावर पेशींमधलं एक विकर, गरातली द्रव्यं आणि हवा एकत्र येतात. आंबट रस त्या विकराला मंद करतो. म्हणून जमवलेल्या संत्र्याच्या रसात लिंबाचा आणि आल्याचा रस मिसळा आणि सफरचंदाची फोड पाटावरून थेट त्या वाडग्यात टाका. सगळं चिरून झाल्यावर मग लिंबू पिळायचं असं केलं तर उशीर झालेला असतो, आणि काळं पडलेलं लिंबाने नीट उजळत नाही. आंबट चव नको असेल तर दोन कप पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ घालून त्यात पाच मिनिटं ठेवा, मग धुऊन पुसा. पेरू घेतलात तर तो थोडा कडक असू द्या आणि मधला बियांचा गर चमच्याने काढून टाका.

केळी, चिकू आणि स्ट्रॉबेरी जेवणाची पानं घेताना चिरायची. केळ्याचे काप एक सेंटिमीटर जाड, आणि तेही लगेच त्याच रसात घोळवून.

एकत्र करणं

पसरट, थंड केलेलं भांडं घ्या. आधी पपई आणि अननस, त्यावर द्राक्षं आणि संत्री, मग सफरचंद व केळी रसासकट. मोठ्या चमच्याने खालून वर तीन-चार वेळाच उलथा. डाळिंबाचे दाणे आणि हाताने तोडलेला पुदिना वरून. मीठ, काळं मीठ, जिरेपूड आणि मिरी भांडं पंगतीत नेताना भुरभुरा, आणि घरात मीठ नको असणारं कुणी असेल तर वेगळ्या वाटीत ठेवा. मीठ घातल्यापासून पंधरा मिनिटांत सॅलड संपावं, नंतर पाणी दिसू लागतं.

उपवासासाठी करत असाल तर काळ्या मिठाऐवजी सैंधव घ्या. चाट मसाल्यात धणे, आमचूर, हिंग असतं, तो तेव्हा टाळा. एप्रिल-मेमध्ये संत्री-द्राक्षांच्या जागी हापूस आणि खरबूज घ्या, सफरचंदासाठी रस मोसंबीचा चालेल. कलिंगड मात्र या मिश्रणात घालू नका. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि ते पाचच मिनिटांत बाकी सगळ्यांना भिजवतं. कलिंगड वेगळ्या थाळीत शोभतं.

चिरलेली फळं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, कडक उन्हाळ्यात तासभरच. डब्यात न्यायचं असेल तर केळी वगळा, मीठ पुडीत वेगळं द्या.

दुधातलं करायचं असेल तर

इथे अननस, पपई आणि किवी कच्चे घालायचे नाहीत. तिन्हींमध्ये प्रथिनं तोडणारी विकरं असतात. ती दुधातल्या प्रथिनांवर काम करतात आणि थोड्याच वेळात कस्टर्ड कडू लागतं. अननस हवाच असेल तर दोन मोठे चमचे साखर घालून सात-आठ मिनिटं शिजवा आणि पूर्ण गार करून घाला. उष्णतेने ते विकर निकामी होतं. संत्री, मोसंबी, आंबट द्राक्षं यांनी दूध फाटतं. चिकू, केळी, सफरचंद, डाळिंब, गोड द्राक्षं आणि हापूस ही दुधाची फळं.

एक लिटर म्हशीच्या दुधाला कस्टर्ड पावडर अडीच मोठे चमचे आणि साखर 100 ग्रॅम. पावडर अर्धी वाटी गार दुधात गुठळी न ठेवता कालवा. उरलेलं दूध उकळलं की साखर घाला, आच मंद करा आणि कालवलेली पावडर ढवळत ओता. दोन-तीन मिनिटांत दूध चमच्याच्या पाठीला चिकटू लागलं की उतरवा. तेव्हा ते पातळ वाटतं, पण गार झाल्यावर आळतं. साय धरू नये म्हणून अधूनमधून ढवळत गार करा आणि तीन-चार तास फ्रीजमध्ये ठेवा. चव बघितलेला चमचा परत पातेल्यात घालू नका. लाळेतलं विकर स्टार्च तोडतं आणि दाट झालेलं कस्टर्ड पुन्हा पातळ होतं. फळं वाढायच्या अर्धा तास आधी मिसळा, केळी सगळ्यात शेवटी.