क्लस्टरवरील जॉबच्या नोंदी: किती काळ ठेवाव्यात आणि कशा शोधाव्यात

क्लस्टर म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांचा समूह, आणि स्लर्म ही त्यावर वापरकर्त्यांची कामे, म्हणजे जॉब, वाटून देणारी प्रणाली. स्लर्मवर चालणाऱ्या क्लस्टरमध्ये संपलेला जॉब नियंत्रक सेवेच्या स्मृतीत फार काळ राहत नाही. 'मिनजॉबएज' या सेटिंगचे मूळ मूल्य ३०० सेकंद आहे. तेवढा वेळ उलटला की 'एसकंट्रोल शो जॉब' हा आदेश त्या जॉबबद्दल काहीही सांगू शकत नाही. त्यानंतरच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर 'स्लर्मडीबीडी' ही सेवा मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या डेटाबेसमध्ये जे लिहून ठेवते, त्यातूनच मिळते. म्हणून नोंदी किती काळ ठेवायच्या हे ठरवताना डिस्कवरील मोकळ्या जागेपेक्षा, पुढे आपल्याला कोण काय विचारणार आहे, याचा विचार आधी करावा.

पर्जची, म्हणजे जुन्या नोंदी डेटाबेसमधून काढून टाकण्याची, मुदत वेगवेगळ्या प्रकारच्या नोंदींसाठी स्वतंत्रपणे देता येते. 'पर्जजॉबआफ्टर' ही जॉबच्या मुख्य नोंदीची मुदत असते आणि 'पर्जस्टेपआफ्टर' ही त्यातील स्टेपच्या, म्हणजे जॉबच्या आत चालणाऱ्या छोट्या टप्प्यांच्या, नोंदींची. एका जॉबमध्ये शेकडो स्टेप असू शकतात, त्यामुळे जागा वाचवण्यासाठी स्टेपची मुदत कमी ठेवण्याचा मोह साहजिक आहे. मात्र जॉबने प्रत्यक्षात किती मेमरी आणि किती सीपीयू वेळ वापरला ही माहिती स्टेपच्या नोंदीतच असते. स्टेप काढून टाकल्या की जॉब कोणाचा होता, किती वेळ चालला, त्याला किती साधने दिली होती हे कळते; त्या साधनांपैकी किती खरोखर वापरली गेली हे मात्र कायमचे हरवते. वापरकर्ते गरजेपेक्षा जास्त मेमरी मागतात का, याचा वर्षभराचा आढावा घ्यायचा असेल, तर स्टेपच्या नोंदीही किमान वर्षभर ठेवाव्या लागतील. जीपीयूच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी: 'अकाउंटिंगस्टोरेजट्रेस' या, कोणत्या साधनांचा वापर नोंदवायचा ते सांगणाऱ्या, यादीत जीपीयूचा उल्लेख नसेल, तर त्याच्या वापराची नोंदच होत नाही आणि मागाहून ती तयार करता येत नाही.

मुदत महिन्यांत दिली तर पर्ज महिन्याच्या सुरुवातीला एकदाच चालतो, दिवसांत दिली तर रोज. मोठ्या क्लस्टरवर दिवसांतील मुदत बरी, कारण दर वेळी थोड्याच नोंदी काढल्या जातात आणि डेटाबेस फार वेळ अडकून पडत नाही. अनेक वर्षे पर्ज न केलेल्या डेटाबेसवर थेट एक वर्षाची मुदत लावू नये. आधी सर्वांत जुन्या नोंदीच निघतील अशी लांब मुदत द्यावी आणि ती टप्प्याटप्प्याने खाली आणावी. पर्जपूर्वी नोंदी फाइलमध्ये साठवण्यासाठी 'अर्काइव्हजॉब्स' आणि 'अर्काइव्हस्टेप्स' सुरू करावेत, आणि त्याचबरोबर 'अर्काइव्हडिर'ही स्पष्टपणे लिहावे. ते न लिहिल्यास फाइली तात्पुरत्या 'टीएमपी' डिरेक्टरीत जातात, म्हणजे सर्व्हर पुन्हा सुरू होताच त्या पुसल्या जाण्याची शक्यता असते. साठवलेल्या फाइली 'एसअकाउंटमॅनेजर अर्काइव्ह लोड' या आदेशाने परत भरता येतात. परंतु त्या चालू डेटाबेसमध्ये भरल्या तर पुढच्या पर्जमध्ये पुन्हा निघून जातील. जुन्या नोंदी वारंवार लागत असतील, तर त्यांच्यासाठी वेगळा डेटाबेस आणि वेगळी स्लर्मडीबीडी सेवा उभारणे योग्य.

नोंदी शोधण्यासाठी 'एसअकाउंट' हा आदेश असतो आणि त्यात सर्वाधिक गोंधळ वेळेच्या मर्यादेमुळे होतो. सुरुवातीची वेळ दिली नाही, तर तो फक्त आजच्या मध्यरात्रीपासूनचे जॉब दाखवतो; 'नोंदी गेल्या' अशा बऱ्याच तक्रारींचे मूळ इथेच सापडते. अवस्थेनुसार गाळणी लावली की सुरुवातीची वेळ मुळात 'आत्ता' धरली जाते. म्हणून अयशस्वी जॉब शोधताना सुरुवात आणि शेवट या दोन्ही वेळा लिहाव्यात. जॉबचा क्रमांक दिल्यास ही अडचण येत नाही.

समजा, एखाद्या जॉबची अवस्था 'आउट ऑफ मेमरी' दिसते आहे. अशा वेळी स्टेपच्या ओळी लपवणारा 'एक्स' हा पर्याय वापरू नये, कारण 'मॅक्सआरएसएस'चा, म्हणजे वापरलेल्या कमाल मेमरीचा, आकडा जॉबच्या मुख्य ओळीत नसून 'बॅच' (जॉबची स्क्रिप्ट चालवणारी स्टेप) किंवा क्रमांकित स्टेपच्या ओळीत असतो. तो त्या स्टेपमधील सर्वांत जास्त मेमरी घेणाऱ्या एका टास्कचा (स्टेपमध्ये चालणाऱ्या एका प्रक्रियेचा) असतो, सर्व टास्कची बेरीज नव्हे. शिवाय तो ठरावीक अंतराने घेतलेल्या मोजणीवर आधारलेला असतो आणि हे अंतर मुळात ३० सेकंद असते, त्यामुळे क्षणार्धात मेमरी उसळून जॉब मारला गेला, तर नोंदीतील आकडा मर्यादेपेक्षा बराच कमी दिसू शकतो. एक्झिट कोडमध्ये (जॉब कसा संपला ते सांगणाऱ्या आकड्यांत) '०:९' दिसल्यास दुसरा आकडा सिग्नलचा, म्हणजे जॉब ज्या सूचनेने थांबवला गेला तिचा, समजावा.

वर्षभराच्या एकूण वापरासाठी एसअकाउंटच्या ओळींची बेरीज करत बसू नये. 'एसरिपोर्ट' हा आदेश तास, दिवस आणि महिन्यांनुसार आधीच गोळा केलेल्या बेरजा वाचतो, त्यामुळे उत्तर लवकर मिळते आणि डेटाबेसवर ताण येत नाही. या बेरजांची मुदत 'पर्जयूसेजआफ्टर'मध्ये वेगळी असते. त्या जागा फारशी घेत नाहीत, तेव्हा तिथे काटकसर करू नये. अहवाल पाठवण्यापूर्वी 'एसअकाउंटमॅनेजर शो रनअवेजॉब्स' मात्र चालवून पाहावे. डेटाबेसमध्ये अजून चालू दिसणारे, पण नियंत्रकाला माहीतच नसलेले जॉब त्यात सापडतात, आणि ते दुरुस्त केले नाहीत तर संबंधित खात्याच्या नावावर न केलेला वापर चढत राहतो.