ठोसा फक्त पॅडवर : वस्तीतल्या मुलांना बॉक्सिंग शिकवताना

मुलांसाठी नॉन-कॉन्टॅक्ट बॉक्सिंगचा वर्ग सुरू करायचा तुमचा विचार असेल, तर पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला आहे, "सर, नाकबिक फुटलं तर?" उत्तर तयार ठेवा. इथे कुणी कुणाला मारत नाही. ठोसा बॅगेवर, पॅडवर (म्हणजे जोडीदाराने हातात धरलेल्या जाड गादीवर), नाहीतर हवेत. स्पारिंग, म्हणजे दोघांनी समोरासमोर लढून करायचा सराव, नाही, अगदी हलक्या हातानेसुद्धा नाही.

मी पर्वतीच्या पायथ्याजवळच्या वस्तीत, संध्याकाळी रिकाम्या होणाऱ्या एका शाळेच्या हॉलमध्ये शिकवतो. हा नियम मी विचार करून धरला आहे. २०११ साली अमेरिका आणि कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून मुलांच्या बॉक्सिंगला जाहीर विरोध केला, कारण या खेळात डोक्यावर मुद्दाम मारलं जातं. वाढत्या वयातल्या मेंदूची काळजी मला पूर्ण पटते. आणि तो मार वगळला तरी पायांची हालचाल, दम, नजर, लय हे सगळं शिल्लक राहतंच. रोज तासभर घाम येईल असा व्यायाम मुलांना हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या वस्तीत त्यासाठी मोकळं मैदान नाही. दोरीच्या उड्या आणि शॅडो बॉक्सिंग, म्हणजे हवेत ठोसे मारायचा सराव, यांना मात्र एक फरशी पुरते.

सुरुवात बँडेजपासून, म्हणजे ग्लोव्ह्जच्या आत हाताला गुंडाळायच्या पट्टीपासून करा. मोठ्या मुलांना साडेचार मीटरची पट्टी लागते. अंगठ्यात फास, मनगटाला वेढे, मग मुठीवरून आणि बोटांच्या मधून. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या उंचवट्यांवर बसला पाहिजे. करंगळीच्या बाजूने बसला की तिथलं हाड मोडतं. डॉक्टर त्याला 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' म्हणतात. ग्लोव्ह्ज सगळ्यांत मिळून चालतील, बँडेज ज्याचं त्याचं, आणि ते घरी धुऊन आणायचं. ग्लोव्ह्ज कधी मिळणार म्हणून मुलं मागे लागतात. लागू द्या. उभं राहणं आणि जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, नीट जमेपर्यंत मी देत नाही.

खरं शिक्षण मला पॅड धरण्यात दिसतं. नवे प्रशिक्षक सगळं लक्ष मारणाऱ्यावर ठेवतात, पॅड स्वतःच धरतात आणि इथेच सगळ्यात मोलाची गोष्ट हातातून सोडतात. पॅड मुलांनाच धरायला शिकवा. तो साधारण खांद्याच्या रेषेत, पण स्वतःच्या तोंडासमोरून बाजूला हवा. ठोसा येताना जरासा पुढे देऊन त्याला आधार द्यायचा. आयत्या वेळी मागे ओढला तर समोरच्याचं कोपर हिसकतं. "एक" म्हणजे जॅब, "दोन" म्हणजे क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा), आकडे पॅडवाला बोलतो, वेग तोच ठरवतो. समोरच्याचा श्वास, पाय, चेहरा बघत राहणं हे त्याचं काम. शाळेबाहेर मारामारी करून आलेला एक धिप्पाड मुलगा आमच्याकडे होता. त्याच्या हातात मी आधी पॅडच दिले. काही आठवड्यांनी तो एका लहान मुलीला विचारत होता, "दमलीस? हळू घेऊ?" हे मी त्याला वेगळं शिकवलेलं नव्हतं.

राउंड दोन मिनिटांचा, मग एक मिनिट विश्रांती. त्या मिनिटात मुलं बोलतात, घरचं, शाळेचं, कधी फार जड असं काही. ऐका, लगेच सल्ला देऊ नका. मात्र लैंगिक छळाची गोष्ट कानावर आली, तर पॉक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवावीच लागते. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा.

पावसाळ्यात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की मोठी पोरं गायब होतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावीची. हजेरीतून नाव काढू नका. परत येणाऱ्याला त्याची जागा तशीच दिसली पाहिजे. अशी परतलेली मुलंच पुढे जास्त टिकतात, असा माझा अनुभव आहे.

एखाद्याला स्पर्धेत उतरायचंच असेल तर तो मार्ग वेगळा. पालकांना समोर बसवून त्यातला धोका स्पष्ट सांगा आणि चांगल्या क्लबकडे पाठवा. पुण्यात मुंढव्याला आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, बॉक्सिंग तिथल्या मुख्य खेळांपैकी एक. तुमच्या वर्गात मात्र त्यासाठी 'थोडं स्पारिंग' सुरू करू नका. एकदा सुरू झालं की लहान मुली आधी येणं थांबवतात.

तुम्हाला स्वतःला यात पुढे जायचं असेल, तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे प्रशिक्षकांसाठीचे अभ्यासक्रम पाहा. लोक त्यालाच 'एनआयएस करणं' म्हणतात. त्याआधी प्रथमोपचार शिका, आणि एखाद्या चालू वर्गात काही महिने नुसते पॅड धरा.